बर्फाच्या मापातले पाप

रात्रीतून पडलेला नवा बर्फ : २० सेंटिमीटर. एकूण थर, पायथ्याशी : ९० सेंटिमीटर, माथ्यावर : १६०. सुरू असलेले पाळणे : बारापैकी नऊ. खुल्या वाटा : साठपैकी एक्केचाळीस. पृष्ठभाग : भुसभुशीत, काही वाटांवर यंत्राने दाबून सपाट केलेला.

आकडे नमुन्यादाखल आहेत; पण अशा पाच-सहा ओळींचे निवेदन हिवाळ्यात रोज सकाळी जगभरच्या स्कीइंगच्या ठिकाणांहून निघते. कोलोरॅडोतून, व्हरमाँटमधून, आल्प्समधून, जपानच्या होक्काइडो बेटावरून. पूर्वी ते पायथ्याच्या फळ्यावर खडूने लिहिले जाई, रेडिओवर वाचले जाई. आता ते हातातल्या फोनवर दिसते. पावसाळ्यात आपल्या वृत्तपत्रांत कुलाबा-सांताक्रूझचा पाऊस आणि कोयना-जायकवाडीचा साठा ज्या चौकटीत छापून येतो, तिचीच ही थंड प्रदेशातली बहीण. फरक एवढाच की, कोयनेचा साठा सांगणाऱ्याला कुणाला तिकीट विकायचे नसते. बर्फाचा आकडा सांगणारा मात्र बहुतेक वेळा तिकीटच विकायला बसलेला असतो.

आजचा विषय या एका फरकाचा आहे. वरवर तो परदेशी श्रीमंतांच्या खेळाचा वाटेल. पण जरा खोल गेले की प्रश्न आपल्या ओळखीचा निघतो. ज्याला विकायचे आहे त्याच्याच हाती माप असावे काय?

बर्फ मोजणे वाटते तितके सोपे नाही. पाऊस नळकांड्यात पडतो आणि तिथेच राहतो. बर्फ वाऱ्याबरोबर उडतो, झाडांच्या आडोशाला साचतो, उघड्या धारेवर टिकत नाही आणि पडल्या क्षणापासून स्वतःच्याच वजनाने खाली बसू लागतो. म्हणून मोजणीची एक रीत ठरलेली आहे. वारा फारसा लागत नाही अशा सपाट जागी हात-दीड हात लांबीरुंदीची पांढरी फळी ठेवायची, ठरल्या वेळी तिच्यावरच्या थराची उंची घ्यायची, मग फळी पुसून नव्या बर्फावर पुन्हा मांडायची. अमेरिकेच्या हवामान खात्याचा नियम असा की, चोवीस तासांत ही फळी चारपेक्षा अधिक वेळा पुसायची नाही. कारण सोपे आहे. दर तासाला पुसून मोजले आणि त्या चोवीस मापांची बेरीज केली, तर बर्फाला बसायला सवडच मिळत नाही आणि आकडा फुगतो. प्रत्येक माप खरे, बेरीजही बरोबर, आणि उत्तर मात्र चुकीचे! हिशेबनिसांना ही कला ठाऊक असते.

फळी कुठे मांडली, यानेही बरेच ठरते. माथ्यावर हातभर बर्फ आणि पायथ्याशी चिखल, असे एकाच डोंगरावर एकाच सकाळी असू शकते. आकड्याशेजारी जागा लिहिली नाही, तर वाचणारा तो आकडा साऱ्या डोंगराला लावतो. 'वाट खुली आहे' या तीन शब्दांतही अशीच मोकळीक आहे. पूर्ण रुंदीची वाट खुली असते, आणि दोन्ही कडांना गवत डोकावत असताना मधून गेलेला पांढरा पट्टाही खुलाच असतो. अमेरिकेत वाटांवर हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा खुणा असतात. हिरवे म्हणजे सोपे, काळे म्हणजे अवघड. पण या खुणा ज्या त्या डोंगरापुरत्या असतात. एका टेकडीवरचा काळा हिरा दुसऱ्या मोठ्या पर्वतावर निळा चौकोन ठरू शकतो. नवखा माणूस खुणेवर विश्वास टाकतो आणि मग अर्ध्या उतारावर बसून राहतो.

त्यात आता यंत्राच्या बर्फाची भर पडली आहे. थंड हवेत पाण्याचे बारीक तुषार दाबाने फवारले की खाली पडेपर्यंत त्यांचे हिमकण होतात. ही युक्ती अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात १९५० मध्ये यशस्वी झाली. तेव्हा ती अडीअडचणीची सोय होती. आज पुष्कळ ठिकाणी तोच पाया झाला आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्कीइंगच्या स्पर्धा जवळजवळ संपूर्णपणे यंत्राच्या बर्फावर झाल्या. तेव्हा 'एकूण थर ९० सेंटिमीटर' या ओळीतले किती आभाळातून आले आणि किती पंपातून, हे वेगळे सांगितल्याशिवाय कळत नाही.

इतक्या पळवाटा असताना एखादा मोह होणे अशक्य नव्हते. तो होतो काय, हे दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासून पाहिले. न्यू हॅम्पशर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजला स्वतःच्या मालकीची स्कीइंगची टेकडी आहे. म्हणजे बर्फ त्यांच्या दारातच. तिथल्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या प्राध्यापकांनी स्कीइंगच्या ठिकाणांनी स्वतः जाहीर केलेले बर्फाचे आकडे गोळा केले, त्यांच्याशेजारी सरकारी हवामान केंद्रांच्या नोंदी मांडल्या, आणि अगदी साधा प्रश्न विचारला. बर्फ कोणत्या वारी अधिक पडतो?

आभाळाला वार ठाऊक नसतात. सरकारी नोंदींत शनिवार-रविवारचे काही विशेष दिसले नाही. पण स्कीइंगच्या ठिकाणांच्या स्वतःच्या निवेदनांत शनिवार-रविवारी इतर दिवसांपेक्षा २३ टक्के अधिक नैसर्गिक बर्फ पडत होता. शहरातली माणसे सुटीच्या दिवशीच गाड्या काढून डोंगराकडे निघतात, हे लक्षात घेतले की या चमत्काराचा उलगडा होतो. ज्यांना फुगवलेल्या आकड्याचा लाभ अधिक, त्यांचे आकडे अधिक फुगलेले, असेही त्यांना आढळले. हा निबंध २०१६ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या मते त्याच अधिक महत्त्वाच्या. पहिली अशी की, स्पर्धेने हे थांबले, असा पुरावा त्यांना फारसा सापडला नाही. शेजारी दुसरा डोंगर, दुसरा मालक असला म्हणून पहिल्याचे माप सुधारत नव्हते. बाजार आपोआप खोट्याला शिक्षा करतो, हे सूत्र गेली तीस-पस्तीस वर्षे आपल्यालाही सांगितले जात आहे. निदान या डोंगरांवर तरी ते खरे ठरले नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्यांच्या अभ्यासाच्या अखेरच्या टप्प्यात, २००९ च्या सुमारास, आयफोनवर एक सोय आली. उतारावर उभा असलेला माणूस तिथूनच 'येथे प्रत्यक्षात एवढाच बर्फ आहे' असे इतरांना कळवू लागला. त्यानंतर बढाया झपाट्याने ओसरल्या. आणि जिथे फोनला रेंज चांगली होती तिथे विशेष ओसरल्या. उपदेश, नियम आणि स्पर्धा यांनी न झालेले काम साक्षीदाराच्या नुसत्या हजेरीने झाले.

म्हणजे आता प्रश्न मिटला काय? आज अनेक ठिकाणी मोजपट्टीसमोर कॅमेराच बसवलेला असतो; घरबसल्या पाहता येते. चांगलेच आहे. पण कॅमेरा कुठे बसवायचा, हे कुणीतरी ठरवतेच. आणि उतारावरचा साक्षीदार फक्त डोळ्यांना दिसते तेवढेच सांगू शकतो. बर्फाच्या पोटात काय आहे, ते त्याला दिसत नाही. इथून हा विषय तिकिटाच्या पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

'नवा बर्फ २० सेंटिमीटर' ही ओळ वाचून स्कीइंग करणारा खूश होतो. डोंगराची राखण करणारा गस्तीवाला तीच ओळ वाचून सावध होतो. त्याच्या दृष्टीने तो उतारावर रातोरात चढलेला भार असतो. हिमस्खलने बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात, आणि कसबी माणसाला नेमके तसलेच उतार खुणावतात. जुन्या थरात साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण तयार झालेले असले, तर वरचा नवा थर त्यांच्यावर नुसता टेकलेला असतो. थोडाच बर्फ पडून मग पुष्कळ दिवस कोरडी, निरभ्र थंडी राहिली, की असे कण तयार होतात. मग एका माणसाचे वजनही पुरते आणि सबंध उतार पायाखालून सुटतो.

यासाठी युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची मोजणी रूढ आहे. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे अतितीव्र. चार आणि पाच पाहून माणसे घरी थांबतात. फसवी पायरी तिसरी. तीन हा आकडा मधला, म्हणून मध्यम वाटतो. पण स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाचे जवळपास निम्मे बळी धोक्याची पायरी तीन असतानाच गेले आहेत. आकडा खरा असला तरी पुरत नाही. त्याचा अर्थही लोकांपर्यंत पोहोचावा लागतो.

स्वित्झर्लंडचे नाव आले म्हणून तिथली रीत पाहू. दावोसच्या वरच्या बाजूला, अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर, वाइसफ्लुयोख नावाच्या ठिकाणी १९३६ पासून बर्फाची रोजची मोजणी चालू आहे. महायुद्ध आले आणि गेले, मोजणी थांबली नाही. त्याच डोंगरावर स्कीइंगचे मोठे ठिकाण आहे, पाळणे आहेत, तिकिटे आहेत. पण हिमस्खलनाचा इशारा तिकीट विकणारे देत नाहीत; बर्फाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था देते. हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता आणि पुन्हा सकाळी आठ वाजता तिचे निवेदन निघते. यंत्रे आहेतच, शिवाय खेड्यापाड्यांतले प्रशिक्षित निरीक्षक रोज पहाटे मापे पाठवतात. हिमस्खलनाशी सामना करण्याचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान युनेस्कोने २०१८ मध्ये स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवले. एखाद्या समाजाचे मोजणे हाही त्याचा वारसा असू शकतो, ही कल्पना मला फार आवडते. आपण वारसा म्हटले की किल्ले आणि लावण्या आठवतो. रोज पहाटे उठून खरा आकडा लिहिणारा माणूस आपल्याला आठवत नाही.

आता आपल्या घरात येऊ. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. ब्रिटिश अमदानीत, १९२७ मध्ये, तिथे स्की क्लब स्थापन झाला. १९९८ मध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत गेला, २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाला, चार हजार मीटरच्या जवळपास पोहोचला, आणि जगभरचे कसबी स्कीपटू गुलमर्गला येऊ लागले. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी गर्दी आपल्यासारख्यांची असते. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून सहलीच्या कंपन्यांबरोबर गेलेली कुटुंबे. भाड्याचे गमबूट, भाड्याचा लांब कोट, स्लेजवर बसलेली आजी आणि बर्फाचे गोळे फेकणारी नातवंडे. या सर्वांचा निघण्यापूर्वीचा प्रश्न एकच असतो : "बर्फ नक्की मिळेल ना?" आणि उत्तरही बहुधा एकच मिळते : "हो हो, नक्की!"

हे उत्तर देणाऱ्याला लबाड म्हणणे सोपे आहे. पण २०२४ चा जानेवारी आठवा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात. कडाक्याच्या थंडीचा आणि भरघोस बर्फाचा हा काळ. त्या वर्षी याच दिवसांत गुलमर्गचे उतार तपकिरी, उघडे पडले होते. महिना संपता संपता कुठे बर्फ आला. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, २२ फेब्रुवारीपासून गुलमर्गला व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. त्या ९ मार्चला सुरू झाल्या. अशा वेळी स्लेज ओढणारा, तट्टूवाला, स्की शिकवणारा तरुण आणि छोट्या हॉटेलचा मालक यांनी काय करावे? त्यांची वर्षाची कमाई या दोन-अडीच महिन्यांत असते. "आज बर्फ नाही" हे खरे वाक्य उच्चारले की त्यांच्या घरातली चूल विचारात पडते. खऱ्या आकड्याची किंमत डोंगरावरचा सर्वांत गरीब माणूस मोजतो, हे विसरून सत्याचा आग्रह धरणे हा आपला शहरी दांभिकपणा ठरेल.

पण खोट्याची किंमतही कुणीतरी मोजतेच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे ज्या हिवाळ्यात जानेवारीभर बर्फासाठी डोळे लागले होते त्याच हिवाळ्यात, एक रशियन स्कीपटू गेला. हे अपघात कुणाच्या खोट्या आकड्याने झाले, असे मुळीच म्हणायचे नाही. सांगायचे ते एवढेच की, बर्फ नसला तर पोट मारतो आणि आला तर जीव घेऊ शकतो, अशा ठिकाणी 'नक्की मिळेल' हे उत्तर पुरेसे नाही. बर्फ किती, कुठे, केव्हा मोजलेला, आणि त्यावर जाणे कितपत सुरक्षित, हे चारही सांगावे लागते. आपल्या देशाजवळ हे ज्ञान नाही असे नाही. लष्कराच्या गरजेपोटी बर्फ आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी संस्था १९६९ पासून मनालीत होती. २०२० पासून तिचे काम संरक्षण संशोधन खात्याच्या नव्या संस्थेत चालते आणि हिमालयातल्या राज्यांसाठी तिचे इशारे निघतात. ते इशारे स्लेजवाल्याच्या आणि त्याच्या स्लेजवर बसलेल्या आजीच्या भाषेत, फळ्यावर, पाळण्याच्या रांगेजवळ दिसले पाहिजेत.

माझी सूचना साधी आहे. जिथे जिथे आपण बर्फाच्या नावाने माणसे बोलावतो, तिथे मोजणी तिकीट न विकणाऱ्याच्या हाती द्यावी. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी माप घ्यावे. आकड्याशेजारी जागा आणि वेळ लिहावी. धोक्याची पायरी आणि तिचा अर्थ लिहावा. आणि बर्फ नसेल त्या दिवशी मोठ्या अक्षरांत शून्य लिहावे. यात प्रामाणिक व्यावसायिकाचेही हित आहे. एकट्याने खरे बोलणारा शेजाऱ्याच्या बढाईपुढे बुडतो. माप सर्वांसाठी एकच झाले, तर खरे बोलण्याचा दंड कुणा एकट्याला बसत नाही. कोरड्या वर्षी त्या गरीब माणसाला हात देण्याची योजनाही याच आकड्यावर उभी राहू शकते. दुष्काळ जाहीर करायला पूर्वी जशी आणेवारी लागत असे, तशी हिमाच्या दुष्काळालाही नोंद हवी.

कारण हिम ही नुसती करमणूक नव्हे. झेलमचे उन्हाळी पाणी, काश्मीरच्या सफरचंदांच्या बागा, खालची भातखाचरे या साऱ्यांची ती ठेव आहे. थंडीच्या ऐन भरात पडलेला बर्फ साचून राहतो आणि हळूहळू वितळतो. मार्चमधला बर्फ फार दिवस थांबत नाही. पर्यटक ज्याचे फोटो काढतो, तेच शेतकऱ्याच्या जूनमधल्या पाटाचे पाणी असते.

अमेरिकेतल्या नेव्हाडा विद्यापीठात जेम्स चर्च नावाचे लॅटिन-ग्रीकचे प्राध्यापक होते. गेल्या शतकाच्या आरंभी त्यांनी पोकळ नळी बर्फात खुपसून, तिचे वजन करून, त्यात पाणी किती ते सांगण्याची पद्धत बसवली. अभिजात भाषांच्या या अध्यापकाची नळी पुढे पश्चिम अमेरिकेच्या पाणीवाटपाचा आधार झाली. कॅलिफोर्नियात अजूनही तशी मोजणी होते. त्यातली एक जागा आहे फिलिप्स स्टेशन, स्कीइंगच्या एका ठिकाणाच्या वाटेवरच. १ एप्रिल २०१५ रोजी, चार वर्षांच्या अवर्षणानंतर, राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन स्वतः तिथे गेले. एरवी त्या तारखेला जिथे माणसाच्या उंचीच्या आसपास बर्फ असायचा, तिथे ते वाळलेल्या गवतावर उभे होते. माप शून्य आले. त्यांनी त्याच गवतावर उभे राहून सगळ्या राज्याच्या शहरी पाणीवापरात पंचवीस टक्के कपातीचा आदेश जाहीर केला.

त्या दिवशी बुधवार होता. शनिवार असता तरी माप तेच आले असते, कारण नळी धरणाऱ्याला काही विकायचे नव्हते. शून्य लिहायला धैर्य लागते, आणि लिहिलेल्या शून्यावर कृती करायला त्याहून अधिक. 'मापात पाप करू नये' असे आपल्याकडे धान्याच्या दुकानात बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. पायली-शेर गेले, सेंटिमीटर आले, दाण्याच्या जागी बर्फ आला. सांगणे मात्र जुने झालेले नाही. येत्या हिवाळ्यात काश्मीरला जायचा बेत असेल, तर "बर्फ नक्की मिळेल ना?" असे विचारू नका. "शेवटचे माप केव्हा घेतले, कुठे घेतले आणि कुणी घेतले?" असे विचारा. विचारणारे पुरेसे झाले, की फळ्यावर खडू चालवणारा हात आपोआप जपून लिहू लागेल.